खाऱ्या पाण्याची टाकी माशांसाठी कधी तयार होते?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. गोड्या पाण्याची टाकी तुम्ही काही वर्षं नीट सांभाळली आहे. आता नाशिकच्या इंदिरानगरमधल्या घरात तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. मीठ कालवून पाणी भरलं, कोरडे दगड आणि वाळू घातली, पंप सुरू केला. दहा दिवस झाले, पाणी स्वच्छ आहे आणि पाणी तपासायच्या किटवर अमोनिया शून्य दिसतो. दुकानदार म्हणतात सायकल झाली (म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत बसले), दोन डॅमसेल, म्हणजे छोटे चिवट सागरी मासे, सोडून द्या. सोडू का, असं तुम्ही विचारता.

सोडू नका. तुमच्या टाकीची सायकल अजून सुरूच झालेली नाही. अमोनिया शून्य दिसतो कारण टाकीत अमोनिया तयार होईल असं काही पडलेलंच नाही. कोरडे दगड, धुतलेली वाळू आणि मिठाचं पाणी असंच ठेवलं तर दोन महिन्यांनीही किट शून्यच दाखवेल, आणि मासे सोडल्यावर चार दिवसांत ते वर येऊन धापा टाकायला लागतील. टाकी तयार आहे की नाही ते किती दिवस झाले यावरून कळत नाही, पाणी किती नितळ दिसतं यावरूनही नाही. मोजून अमोनिया घालायचा आणि तो किती तासांत संपतो ते पाहायचं, ही एकच परीक्षा मी मानतो. पुढचं सगळं या परीक्षेच्या तयारीबद्दल आहे.

मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. जिवाणूंचा एक गट या अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट तुलनेने सौम्य असतं. काही दगडांच्या आत, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही तिथे, वेगळे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात, आणि बाकीचं आपण पाणी बदलून काढतो. पहिल्या दोन गटांचे जिवाणू फार सावकाश वाढतात. दूध नासवणारे जिवाणू तासाभरात कितीतरी पट होतात, यांना मात्र अनुकूल परिस्थितीतही एकदा दुप्पट व्हायला साधारण एक दिवस लागतो. सायकलला तीन ते सहा आठवडे लागतात ते यामुळेच, आणि घाई करून त्यातले फारसे दिवस वाचत नाहीत.

तुमचा गोड्या पाण्याचा अनुभव इथे उपयोगी आहे, पण एका जागी तो फसवतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जे माशाला फारसं बाधत नाही. दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरतो. कोणतं रूप किती, हे पीएच आणि तापमानावर ठरतं. पीएच ७ असेल तर पंचवीस अंशांना मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. खाऱ्या टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ ठेवावा लागतो, आणि ८.२ ला तेच प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे किटवर आकडा तोच, पण विष दहा पटींहून जास्त. गोड्या पाण्यात गप्पी आणि मॉलीने अर्धा पीपीएम (दहा लाख भागांत अर्धा भाग) अमोनिया सोसलेला तुम्ही पाहिला असेल. त्या भरवशावर इथे राहू नका.

नायट्राइटचं याच्या उलट आहे. गोड्या पाण्यात नायट्राइट कल्ल्यांतून आत जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घालवतं. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की ते कल्ल्यांच्या वाटेवर नायट्राइटला आत शिरू देत नाही, म्हणून खाऱ्या टाकीत ते खूपच कमी घातक असतं. तरीही मी नायट्राइट शून्य होईपर्यंत थांबायलाच सांगतो. ते दिसत असेल तर दुसऱ्या गटाचे जिवाणू अजून बसलेले नाहीत आणि टाकीची घडी अर्धीच बसली आहे.

आता पाण्याकडे येऊ, कारण नाशिकमध्ये निम्मे घोटाळे इथेच होतात. नळाचं पाणी सरळ वापरू नका. गंगापूर धरणातून येणारं पालिकेचं पाणी पिण्यासाठी चांगलं आहे, पण त्यात क्लोरीन असतं, आणि प्रवाळ ठेवायच्या टाकीला नकोत असे फॉस्फेट आणि सिलिकेटही नळाच्या पाण्यातून येऊ शकतात. बोअरचं पाणी तर आपल्याकडे काळ्या दगडातून येतं, ते बहुतेक ठिकाणी जड असतं. आरओचंच पाणी लागतं, आणि जमलं तर पुढे डीआय काडतूस (उरलेले क्षार काढणारं) लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्यावर आणलेलं. घरच्या पिण्याच्या आरओ मशीनचं पाणी वापरणार असाल तर आधी दोन गोष्टी तपासा. बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा स्क्रू असतो, त्यामुळे टीडीएस पन्नास-ऐंशी येतो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. हल्ली तांबं मिसळणारी मशीन घरोघर आली आहेत. तांबं माणसाला पोषक म्हणून विकलं जातं, पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ अशा कणा नसलेल्या जिवांना ते अगदी थोड्या प्रमाणातही मारतं, आणि दगड-वाळूत मुरलं की काढणं अवघड होतं. त्या मशीनचं पाणी टाकीत एक थेंबही नको. तांब्याच्या हंड्यात साठवलेलं पाणीही नको. पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पाणी आलं की आरओचं आधीचं गाळण लवकर चोंदतं, तेव्हा पुन्हा टीडीएस पाहा.

मीठ मत्स्यालयासाठीचंच घ्या. स्वयंपाकातलं खडे मीठ चालेल का, असं मला पुष्कळ जण विचारतात. मिठागरात पाणी आटतं तेव्हा कॅल्शियमचा बराच भाग जिप्सम होऊन आधीच खाली बसतो, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम शेवटी उरलेल्या कडू पाण्यात राहून जातं. खड्यात जवळपास फक्त सोडियम क्लोराइड उरतं. त्याने पाणी खारट होईल, समुद्राचं होणार नाही.

तुमच्या टाकीचं माप भरतं सुमारे १९० लिटर, पण दगड-वाळूची जागा वजा केली तर खरं पाणी १६० लिटर धरा. त्याला सहा किलोच्या आसपास मीठ लागेल. नेमकं किती हे पाकिटावर अवलंबून, म्हणून मोजायचं रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे थेंबभर पाण्यावरून खारटपणा दाखवणाऱ्या उपकरणाने. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, म्हणजे क्षारता ३५ (हजार भागांत ३५ भाग क्षार). रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर एकदा जुळवून घ्या. प्लास्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर मी वापरत नाही. त्याच्या काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो.

दगडाबद्दल कायद्याची एक गोष्ट आधी. मालवण किंवा हर्णैला गेल्यावर किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा उचलून आणावासा वाटतो. आणू नका. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडासुद्धा. मालवणचा किनारा तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दुकानात ‘लाइव्ह रॉक’ म्हणून खऱ्या प्रवाळाचे दगड दिसले तर तेही घेऊ नका. सिरॅमिकचे सच्छिद्र ठोकळे किंवा सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे बनवलेले, नीट मुरवलेले दगड जिवाणूंना तितकेच मानवतात, फक्त रंग धरायला काही महिने जातात. आपल्या गावाभोवतीच्या काळ्या दगडात जागोजागी झिओलाइट सापडतं, पांडवलेणीच्या बाजूच्या खाणी त्यासाठी जगभरच्या खनिज संग्राहकांना माहीत आहेत. गोड्या पाण्यात अमोनिया शोषायला झिओलाइट घालतात, तुमच्या जुन्या फिल्टरमध्येही त्याचे खडे असतील. खाऱ्या पाण्यात ते निरुपयोगी आहे. पाण्यातलं सोडियम अमोनियमला त्याच्यातून हुसकून लावतं. म्हणून ते खडे इकडे हलवू नका. गोड्या टाकीचा स्पंजही नको, त्यातले बहुतेक जिवाणू एकदम वाढलेल्या क्षारतेत टिकत नाहीत.

आता अमोनिया घालायचा कसा. डॅमसेल सोडून टाकी सायकल करण्याची पद्धत जुनी आहे, आणि डॅमसेल चिवट असल्यामुळे कधीकधी जगतातही. पण त्यांचे कल्ले भाजून निघतात, आणि वाचलेला मासा पुढे साऱ्या टाकीवर दादागिरी करतो, त्याला दगडांतून पकडून काढणं जवळपास अशक्य होतं. जिवंत प्राण्याला तीन आठवडे विषात ठेवण्याचं मला काहीच कारण दिसत नाही, कारण त्याच्याविना हे काम जास्त चांगलं होतं. कोळंबीचा तुकडा टाकून कुजवण्याची पद्धतही चालते, पण घरभर वास येतो, किती अमोनिया निघेल ते हातात राहत नाही आणि फॉस्फेट सोबत येतं. ते पुढे शेवाळाला खायला मिळतं.

मी अमोनियम क्लोराइड वापरतो. म्हणजे नवसागर, पण भांड्यांना कल्हई करायला बाजारात मिळतो तो नव्हे, त्यात काय मिसळलेलं आहे सांगता येत नाही. प्रयोगशाळेला रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध प्रतीची छोटी बाटली घ्या. १० ग्रॅम पूड १ लिटर आरओ पाण्यात विरघळवा आणि बाटलीवर ठळक नाव लिहून मुलांच्या हाताबाहेर ठेवा. १०० लिटर पाण्याला या द्रावणाचे ६३ मिलिलिटर घातले की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. तुमच्या १६० लिटरना १०० मिलिलिटर. घातल्यावर तासाभराने मोजा आणि आकडा लिहून ठेवा. पाच पीपीएमच्या वर कधीच नेऊ नका, तिथे जिवाणूंचीच वाढ अडते.

जिवाणू येणार कुठून, हाही प्रश्न आहे. नाशिकमध्ये खाऱ्या टाक्या ठेवणारे कमी आहेत, पण आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतले मूठभर सिरॅमिकचे तुकडे किंवा फिल्टरचा स्पंज मिळाला तर ते उत्तम विरजण. ओल्या कागदात नको, त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणा. नुसतं जुनं पाणी आणून उपयोग नाही, हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. ज्या टाकीत नुकताच पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला होता तिथून काही आणू नका. त्या रोगाचा परजीवी माशांवाचून कायमचा जगत नाही, पण दगडावर आठवडेच्या आठवडे दबून राहू शकतो.

ते मिळालं नाही तर बाटलीतले जिवाणू घ्या. पूर्वी दुसऱ्या टप्प्याचं काम नायट्रोबॅक्टर करतो असं धरून बाटल्या भरत. १९९८ मध्ये होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या टाक्यांमध्ये ते काम नायट्रोस्पायराच्या कुळातले जिवाणू करतात असं दाखवलं, तेव्हापासून चांगले उत्पादक त्याप्रमाणे बदलले. खाऱ्या पाण्यासाठी असं स्पष्ट लिहिलेली, मुदत पुष्कळ शिल्लक असलेली बाटली पाहा. एप्रिल-मेमध्ये कुरिअरने मागवू नका. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतून आलेल्या बाटलीत जिवंत काय उरलं असेल कुणास ठाऊक. जिवाणू घातल्यावर दोन दिवस स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि यूव्ही दिवा बंद ठेवा. दिवे संपूर्ण सायकलभर बंद असले तरी चालतं, हे जिवाणू प्रकाशावर जगत नाहीत आणि शेवाळाला निमंत्रण मिळत नाही.

तापमान २६ ते २८ ठेवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो. हीटर नसेल तर टाकीतलं पाणी वीसच्या खाली येईल आणि सायकल रेंगाळत राहील. दोनशे वॅटच्या एका हीटरपेक्षा शंभरचे दोन बरे, एकाचा थर्मोस्टॅट अडकला तर दुर्घटना टळते. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावला तर नाशिकच्या कोरड्या हवेत तो चांगलं काम करतो, मुंबईकरांना हे सुख नाही. पण मग पाणी झपाट्याने उडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याचीच घाला. काचेवर पातळीची खूण करून ठेवा.

पंप बंद ठेवू नका, या जिवाणूंना ऑक्सिजन भरपूर लागतो. वीज गेली आणि तासा-दोन तासाने आली तर दगडांवरच्या जिवाणूंना काही होत नाही. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये मात्र साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो. वीज बराच वेळ गेली असेल तर पुन्हा सुरू करण्याआधी त्या डब्यातलं पाणी ओतून टाका.

पहिला डोस दिल्यावर दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. पहिले काही दिवस काहीच हलणार नाही. मग अमोनिया उतरू लागेल आणि नायट्राइट दिसेल. अमोनिया अर्ध्या पीपीएमखाली आला की पुन्हा डोस द्या, पण आता निम्मा, म्हणजे पन्नास मिलिलिटर. १ पीपीएम अमोनियातून सुमारे २.७ पीपीएम नायट्राइट तयार होतं, म्हणून दोन-तीन डोसांत किटचा रंग पट्टीच्या शेवटाला जाऊन थांबतो आणि लोक घाबरतात. एक भाग टाकीचं पाणी आणि नऊ भाग ताजं मिठाचं पाणी असं मिसळून मोजा, आलेला आकडा दहाने गुणा. सर्वात लांब टप्पा हाच असतो. या काळात नायट्रेटच्या किटवर विश्वास ठेवू नका, नायट्राइटमुळे तो आकडा फुगवून दाखवतो.

एक गोष्ट क्वचित सांगितली जाते. अमोनिया पचवताना हे जिवाणू पाण्यातली क्षारीयता, म्हणजे पीएच स्थिर ठेवण्याची ताकद, खातात. २ पीपीएमच्या प्रत्येक डोसामागे पाऊण डीकेएचच्या (हे क्षारीयता मोजायचं एकक) आसपास जाते. सुरुवातीला आठ-नऊ असलेली क्षारीयता काही डोसांनंतर पाचवर येते, पीएच घसरतो आणि सायकल मध्येच थबकते. लोक नवी बाटली विकत आणतात, आणि उपाय स्वयंपाकघरात असतो. १०० लिटर पाण्यात खायचा सोडा ३ ग्रॅम घातला की क्षारीयता १ डीकेएच वाढते, तुमच्यासाठी ५ ग्रॅम. बेकिंग पावडर नव्हे, निव्वळ सोडा. आरओ पाण्यात विरघळवून हळूहळू टाकीत ओता, आणि एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की परीक्षा घ्या. संध्याकाळी पूर्ण शंभर मिलिलिटर घाला, तासाभराने २ पीपीएम दिसतो याची खात्री करा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजा. चोवीस तासांत दोन्ही शून्य असतील तर टाकी तयार. नायट्राइट थोडं उरलं असेल तर आणखी आठवडाभर निम्मे डोस देऊन पुन्हा पाहा. उत्तीर्ण झाली की निम्म्याहून जास्त पाणी बदला, नायट्रेट वीसच्या खाली यायला हवं. मासे आणायला उशीर होणार असेल तर दर तिसऱ्या दिवशी थोडा अमोनिया घालत राहा. दिवे लावल्यावर दगडांवर तपकिरी थर येईल, ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळं, आहेत. काही आठवड्यांत ते ओसरतात, त्यांच्यासाठी काही औषध घालू नका.

पहिले मासे म्हणून लहान क्लाउनफिशची जोडी घ्या, आणि पैदास केंद्रातलीच मागा. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र आपल्या देशात बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारण उरत नाही. पैदाशीचे मासे पहिल्या दिवसापासून दाणे खातात.

बहुधा तुम्ही ते मुंबईहून आणाल, म्हणजे कसारा घाट चढून चार-पाच तास पिशवीत. त्या वेळात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच उतरतो, आणि माशाने टाकलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून उघड्या पिशवीत दोन तास थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. दुकानदाराला आधी फोन करून त्यांच्या टाकीची क्षारता विचारा, पुष्कळ ठिकाणी ती मुद्दाम कमी ठेवतात. एका स्वच्छ बादलीत तेवढ्याच क्षारतेचं पाणी हीटर आणि हवेचे बुडबुडे सोडणारा दगड लावून तयार ठेवा. बंद पिशवी वीस मिनिटं त्या बादलीत तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग उघडून मासे लगेच त्यात घ्या आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या. बादलीची क्षारता तुमच्या टाकीपेक्षा बरीच कमी असेल तर दोन-तीन दिवसांत हळूहळू वर आणा, अमोनिया वाढू नये म्हणून रोज थोडं पाणी बदला आणि मगच त्यांना टाकीत सोडा.

त्यानंतरचे दहा दिवस रोज अमोनिया मोजा आणि खाणं दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकं द्या. आकडा सतत शून्य राहिला तर तीन-चार आठवड्यांनी पुढचा एक मासा आणायला हरकत नाही.